पूर्ण एक मिनिट

आमच्या मॅडमनी हात हातात घेतला की नव्या मुलींना वाटायचं, बाई मायाळू दिसते. तसं काही नसायचं. त्या घरचं कुशल विचारायच्या, मेसच्या भाजीला नावं ठेवायच्या, आणि तेवढ्यात तुमच्या मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी मोजून घ्यायच्या. नाडी झाली तरी हात सोडायच्या नाहीत. नजर तुमच्या गळ्याखाली, ओढणीच्या घड्यांवर. आता त्या श्वास मोजत असायच्या. मोजून झाले की बोलणं मध्येच तोडून चालू लागायच्या, मग तुम्ही आईच्या गुडघेदुखीबद्दल सांगत असलात तरी.

श्वास मोजतोय हे पेशंटला कळू द्यायचं नसतं. कळलं की माणूस सावध होतो आणि श्वास सांभाळून घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवायचं आणि छाती किती वेळा वर येते ते मोजायचं, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात आणि दुसऱ्या महिन्यात सगळे विसरतात. मॅडम तेवढ्या विसरल्या नव्हत्या. होस्टेलवर आम्ही त्यांना मोजणीवाल्या बाई म्हणायचो. शेताची मोजणी करायला माणूस येतो आणि त्याच्यापुढं सगळा गाव गप्प होतो, तसं आमचं त्यांच्यापुढं व्हायचं.

मी अजिंठ्याकडच्या एका गावातून बी.एस्सी. नर्सिंगला आले होते. कपाशी आणि मका करणारं घर. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. नर्स म्हणजे इंजेक्शन देणारी बाई, त्यासाठी चार वर्षं कॉलेज कशाला लागतं, हे माझ्या चुलत्याला शेवटपर्यंत समजलं नाही. वडलांना समजलं होतं असं नाही, पण त्यांनी हो म्हटलं आणि एक अट घातली. चार वर्षं म्हणजे चार. एखादं वर्ष गेलं तर पुस्तकं बांधून घरी यायचं, स्थळं तयार आहेत. वडील शब्दाचे पक्के होते. गावात ही गोष्ट कौतुकानं सांगतात; ज्यांच्या घरात असा माणूस असतो त्यांना विचारा.

मॅडम पन्नाशीच्या पुढच्या, उंच, अंगानं काटक. बाकीच्या ट्यूटर रंगीत साडीवर पांढरा कोट घालायच्या, या पांढरी साडीच नेसायच्या आणि छातीवर पिनेनं उलटं घड्याळ लावायच्या, म्हणजे मान खाली घातली की काटा सरळ दिसावा. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायच्या त्या काळात त्या डिप्लोमा करून नोकरीला लागल्या होत्या. डिग्री पुढं नोकरी सांभाळून केली. लग्न नव्हतं. का नव्हतं याची आम्ही तीन कारणं तयार केली होती. तिन्ही आमचीच, त्यांना त्यातलं एकही ठाऊक नसावं.

पहिल्या दिवसापासून त्या आम्हा सतरा-अठरा वर्षांच्या मुलींना 'सिस्टर' म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. आम्हाला हसू यायचं. 'हसू नका सिस्टर,' त्या म्हणायच्या. 'उद्या साठीचा म्हातारा तुमच्यापुढं धोतर सोडून पडणार हाय आणि तुम्हाला सिस्टर म्हननार हाय. त्याची सवय आतापासून लागू द्या.'

पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला एकेक सकाळ पेशंट केलं. प्रॅक्टिकलच्या खोलीत सहा खाटा होत्या. खाटेवरच्या मुलीनं हातपाय हलवायचे नाहीत, बोलायचं नाही. तोंड धुणं, अंग पुसणं, दलिया भरवणं, सगळं दुसरीनं करायचं. नाकावर खाज आली की जगातलं दुसरं कुठलंच दुःख आठवत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझी मैत्रीण सुरेखा मला दलिया भरवत होती आणि शेजारच्या मुलीशी सिनेमाबद्दल बोलत होती. चमचा दर वेळी दातावर आपटायचा, दलिया मानेवर ओघळायचा. अकराच्या सुमाराला मला रडू फुटलं. मॅडम येऊन खाटेशी उभ्या राहिल्या. डोळे पुसायला मला हात नव्हते आणि त्यांनीही पुसले नाहीत.

'सिस्टर, पेशंट रडतोय,' त्या सुरेखाला म्हणाल्या. 'काय करायचं?'

'डॉक्टरांना सांगायचं?' सुरेखा म्हणाली.

'आधी चमचा खाली ठेवा.'

त्यानंतर दोन दिवस मी आणि सुरेखा एकमेकींशी बोललो नाही. मॅडमना त्याचं काही नव्हतं. त्यांच्यात एक क्रूरपणा होता, तो मी झाकणार नाही. शिकवण्यासाठी माणसाला रडवावं लागलं तर त्या रडवायच्या आणि रात्री शांत झोपत असाव्यात.

कॉलेजात सरावासाठी रबराची मोठी बाहुली होती. मॅडमना तिचा मनस्वी राग. 'हिला काय बी करा, ही मरत नाय. असल्या पेशंटवर शिकून काय उपयोग?' एकदा बाहेरून तपासणीला माणसं आली. त्यातल्या मुख्य साहेबांनी विचारलं, बाहुलीवर आठवड्याला किती तास सराव घेता? मॅडमनी उत्तर द्यायच्या आधी हस्तांदोलनासाठी पुढं केलेला साहेबांचा हात तसाच धरून ठेवला. प्राचार्य बाईंनी डोळे मिटून घेतले. मिनिटभरानं मॅडम म्हणाल्या, 'साहेब, तुमची नाडी मधीच एक ठोका खाते. दाखवलं का कुनाला?' तपासणी त्या दिवशी फार लवकर आटोपली. अहवाल चांगला आला, पण पुढच्या तपासणीच्या दिवशी मॅडमना सक्तीची रजा मिळाली.

हे हसण्यासारखं झालं. शहागंजातलं तसं नव्हतं. स्नेहसंमेलनासाठी बांगड्या घ्यायला आम्ही तिघी गेलो होतो आणि मॅडम तिथं आधीच उभ्या होत्या. दुकानदार म्हातारे चाचा. बांगड्या चढवायला त्यांनी मॅडमचा हात धरला आणि मॅडमनी त्यांचा.

'चाचा, ये सांस कबसे फूल री?'

'अरे बाई, उमर हो गई. और क्या.'

'उमर से नाडी ऐसे नई भागती. कल दवाखाने आओ, मैं खुद चिठ्ठी निकालके देती.'

चाचा हसले आणि दोन बांगड्या वरून जास्त घातल्या. मॅडम दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागाच्या दारात दुपारपर्यंत उभ्या होत्या. चाचा आले नाहीत. मग त्या दर आठवड्याला शहागंजात जायला लागल्या. एरवी बांगड्या न घालणारी बाई दर आठवड्याला डझनभर बांगड्या आणून आम्हाला वाटायची. एका सोमवारी त्या रिकाम्या हातानं आल्या आणि वर्गात आम्हाला एकही प्रश्न न विचारता तासभर फळ्याकडं तोंड करून शिकवत राहिल्या. आम्ही समजलो. 

त्यांचं एक वाक्य होतं, ते आम्ही नकला करताना म्हणायचो. 'झालं म्हनून लिव्हा. लिव्हलं म्हंजी झालं असं नाय.' वर्गात बऱ्यापैकी शुद्ध बोलणाऱ्या मॅडम चिडल्या की त्यांच्या गावाच्या भाषेवर यायच्या, आणि या वाक्याला तर त्या नेहमीच चिडलेल्या असायच्या. त्या कशावर चिडतात हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच नकला चालायच्या.

सकाळी वॉर्डात गेलं की ताप, नाडी आणि श्वास यांची फेरी असते. तीस खाटांना दोन मुली. ताप थर्मामीटर सांगतो, तिथं काही करता येत नाही. नाडीलाही थोडा वेळ हात लावावाच लागतो. श्वासाला मात्र पूर्ण मिनिट. म्हणजे नुसतं माणसांच्या छातीकडं बघत उभं राहायचं, आणि मागून इन्चार्ज सिस्टर ओरडणार की चादरी राहिल्यात, ड्रेसिंगची ट्रॉली कुठाय, डॉक्टरांचा राऊंड आला. म्हणून एक रीत पडली होती. श्वासाचा रकाना मागाहून टेबलाशी बसून भरायचा. वीस, वीस, वीस. फारच सारखं दिसायला लागलं तर मध्ये एखादा अठरा, एखादा बावीस. ही रीत मी काढलेली नाही. वरच्या वर्गातल्या मुलींनी आम्हाला दिली, त्यांना त्यांच्या वरच्यांनी. त्या दवाखान्यात वर्षानुवर्षं माणसं मिनिटाला वीस श्वास घेत होती, आणि वीस श्वास घेता घेताच मरत होती. मॅडम ज्या दिवशी वॉर्डात असायच्या त्या दिवशी आम्ही मोजायचो. नसल्या की वीस.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आमची ड्युटी हाडांच्या पुरुष वॉर्डात लागली. माझा तिथला पहिलाच दिवस आणि मॅडम दुसऱ्या कॉलेजात परीक्षा घ्यायला गेलेल्या. माझ्या रांगेत नऊ नंबरच्या खाटेवर बजाजनगरात राहणारा एक तिशीतला कामगार होता. मोटरसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. ऑपरेशनला नंबर लागायचा होता, तोवर पायाला वजन बांधून ताणून ठेवलं होतं. तिसरा दिवस. बायको खाटेखाली सतरंजीवर बसलेली.

मी टोपी-मास्क लावून, ड्रेसिंग अर्धवट सोडून फेरीला आले होते. ताप घेतला, थोडा होता. नाडी जलद होती. पाय मोडलेल्या माणसाची असतेच, असं मी मनाशी म्हटलं. बायको उठून उभी राहिली.

'ताई, यांना दम लागतोय वो जरा. सकाळधरनं.'

'दुखतंय ना, त्यानं होतं तसं,' मी म्हणाले. 'तुम्ही काळजी करू नका. मी लिहून घेते.'

आवाज गोड काढला होता. पेशंटच्या माणसांशी गोड बोलायचं असं आम्हाला शिकवलं होतं आणि ते मला छान जमायचं. तिच्यादेखत मी कागदावर ताप लिहिला, नाडी लिहिली. ती समाधानानं खाली बसली. मग टेबलाशी जाऊन मी पंधरा खाटांचे श्वास भरले. नऊ नंबरला वीस.

तो त्याच दिवशी, दिवेलागणीला गेला. मी होस्टेलवर युनिफॉर्म धूत होते. मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुफ्फुसात जाऊन अडकली, असं डॉक्टरांनी लिहिलं. असं कधी कधी होतं. लवकर ध्यानात आलं तर ऑक्सिजनवर ठेवून, अतिदक्षता विभागात हलवून काही माणसं वाचतात, काही वाचत नाहीत. लवकर ध्यानात येतं ते श्वासावरून. वॉर्डात त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. चौकशी झाली नाही. सकाळी खाटेवर नवी चादर घातली, ती मीच घातली.

मॅडम दहाला आल्या. गेलेल्या माणसाचे कागद अजून टेबलावरच होते. त्यांनी श्वासाच्या रकान्यावरून बोट खाली नेलं आणि मला व्हरांड्यात बोलावलं.

'नऊ नंबरचा श्वास कुनी मोजला?'

'मी, मॅडम.'

'मोजला?'

'हो.'

त्यांनी माझा हात हातात घेतला. मी भिंतीवरच्या पाण्याच्या डागाकडं बघत उभी राहिले. दुसरीकडं कुठं बघायचं सुचत नव्हतं. पूर्ण मिनिट झालं.

'एकशे चोवीस,' त्या म्हणाल्या. 'तू पळत आली नाहीस. ताप नाय तुला. परत विचारते. मोजला का?'

तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं होतं. मी नाही म्हणाले.

सुरेखा समोरच्या रांगेला होती. तिच्या रकान्यातही सगळे वीसच होते, पण तिच्या रांगेत कुणी मेलं नव्हतं. मॅडमनी तिला काही विचारलं नाही. मला याचा तेव्हा फार राग आला. आजही येतो, आणि तो किती खुळा आहे हे कळत असूनही येतो.

दुपारी त्यांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. 'वॉर्डाचे मार्क माझ्या हातात हायत. ते भरल्याबिगर परीक्षेला बसता येत नाय, ठाऊक हाय ना?'

मी मान हलवली.

'त्याच्या बायकोकडं जायचं. मी बी येते. तिला सांगायचं, मी श्वास मोजला नव्हता, लिव्हला होता. एवढंच. माफी मागायची नाय, रडायचं नाय. सांगितलंस तर मार्क भरते. नाय तर हे वर्ष परत कर.'

'मॅडम, तिनं तक्रार केली तर?'

'तर केली.'

'वर्ष गेलं तर वडील मला घरी नेतील.'

'तर नेतील,' त्या म्हणाल्या आणि समोरची फाईल उघडली.

पुढच्या दोन आठवड्यांत मी काय काय केलं ते सांगण्यासारखं नाही. मॅडमची बदली व्हावी म्हणून नवस बोलले. त्याची बायको आपणहून शहर सोडून जावी असंही मनात आलं. आणि रोज आंघोळ करताना तेच एक वाक्य पाठ करत होते: मी श्वास मोजला नव्हता. पाठांतर माझं पहिल्यापासून चांगलं होतं.

मॅडमनी शेजारीपाजारी विचारून ठेवलं होतं. ती नवऱ्याचे दिवस करायला गावाकडं गेली होती आणि रविवारी सामान न्यायला येणार होती. आम्ही सकाळीच सिटी बसनं बजाजनगरला गेलो. मॅडम रंगीत साडीत मी पहिल्यांदा पाहिल्या, करड्या रंगाची, इस्त्रीच्या घड्या जुन्या झालेली. मी पंजाबी ड्रेस घातला होता. 

एका रांगेत आठ खोल्या, त्यातली तिची चौथी. गाद्या गुंडाळून दाराशी ठेवलेल्या. ती ट्रंकेवर बसून दोरी बांधत होती. भाऊ टेम्पो आणायला गेला होता.

'दवाखान्यातनं आलो बाई,' मॅडम म्हणाल्या. 'ही तिथं शिकते.'

तिनं माझ्याकडं बघितलं. ओळखलं नाही. त्या दिवशी तिनं माझे फक्त डोळे पाहिले होते.

'बसा,' ती म्हणाली. 'भांडी समदी बांधली वो. पाणी द्यायला गिल्लास बी नाय राह्यला.'

आम्ही गादीवर बसलो. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी तीच बोलायला लागली. दवाखान्यातून कुणीतरी आलं याचंच तिला बरं वाटलेलं दिसत होतं.

'तितं एक पोरगी व्हती. लई चांगली बोलली. मी तिला म्हनलं, ताई, यांचा दम बघा. तिनं म्होरंच कागदावर लिव्हून घेतलं. मला वाटलं झालं आता, लिव्हलं म्हंजी डाक्टरला कळलं. मग दिसभर मी कोनालाच काय म्हनले नाय. यांनी दुपारी दोनदा मला खुनावलं. मी म्हनलं, गप पडा, सांगितलंय.'

दोरीची गाठ बसत नव्हती. तिनं ती सोडून पुन्हा बांधायला घेतली.

'सासू म्हनती, तू परत तोंड उघडलं असतं तर माझा लेक वाचला असता. खरंच हाय तिचं. परत सांगायला काय झालं व्हतं मला? समदे म्हनत्यात तसंच. माझा भाऊ बी म्हनतो.'

मॅडमनी पुढं होऊन तिचा हात हातात घेतला. बोटं मनगटावर होती की नव्हती, मी बघितलं नाही.  त्या माझी वाट बघत होत्या. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, चार शब्दांचं. आता ते नुसतं माझ्या चुकीचं राहिलं नव्हतं. ते बोलले असते तर त्या बाईच्या डोक्यावरचं घरादारानं ठेवलेलं ओझं तिथंच खाली आलं असतं. हे मला त्या क्षणी लख्ख कळत होतं. न कळल्यामुळं गप्प राहिले असं म्हणायची सोय मला नाही.

मला वडील दिसत होते. एस.टी. स्टँडवर माझी पेटी घेऊन उभे असलेले.

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. तिचा भाऊ आत आला, त्यानं आमच्याकडं फारसं पाहिलं नाही. ट्रंक जड होती, म्हणून मी एका बाजूनं धरली. गाद्या ठेवल्या, भांड्यांचं पोतं ठेवलं. ती पुढं भावाशेजारी बसली आणि मला म्हणाली, 'तुमी आलात, बरं वाटलं ताई. दवाखान्यातलं दुसरं कोन बी आलं नाय.'

टेम्पो गेला. आम्ही दोघी स्टॉपवर आलो. बस येईना.

'मॅडम, मला नापास करा,' मी म्हणाले. मला वाटतं, मी मनापासूनच म्हणाले होते. निदान ते एक तरी.

त्या रस्त्याकडं बघत होत्या. 'नाय. पास करते.'

'मी सांगितलं नाही.'

'बघितलं मी. नापास केलं तर तू सुटशील. वर्ष गेलं, बाप रागावला, लगीन झालं, म्हंजी झाली शिक्षा, असं वाटंल तुला. मी काय तुला सोडवायला बसले नाय.'

वॉर्डाचे मार्क लागले तेव्हा मला वर्गात सगळ्यांत जास्त होते. चार वर्षांत डिग्री झाली. गावात सत्कार झाला, चुलत्यानं नारळ दिला. मॅडम त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलल्या आणि कायम 'तू' म्हणाल्या. बाकीच्या मुली शेवटपर्यंत सिस्टर राहिल्या.

आता मी शहरातल्या एका दवाखान्यात इन्चार्ज सिस्टर आहे. कॉलेजच्या मुली माझ्या वॉर्डात येतात आणि मी त्यांना छळते. पूर्ण मिनिट उभं करते. त्या माझ्या नकला करत असतील, करू देत. पण मॅडमबद्दल मला नुसता आदर आहे असं कुणी समजू नये. एक प्रश्न मला वर्षानुवर्षं आतून खात होता. मी भित्री होते, कबूल. पण त्या? त्यांनाही सगळं माहीत होतं. त्यांना नोकरीची भीती नव्हती, बापाची नव्हती. एका वाक्यात त्या तिथं त्या बाईला मोकळं करू शकत होत्या. मला धडा मिळावा म्हणून त्यांनी तिला तशीच टेम्पोत बसू दिलं. चमचा खाली ठेवा म्हणणाऱ्या बाईनं असं करावं?

मॅडम निवृत्त झाल्या, म्हाताऱ्या झाल्या, आणि शेवटी त्यांनी अंथरूण धरलं. भाचीकडं राहत होत्या. मी गेले तेव्हा दुपार होती आणि त्या जाग्या होत्या. मी हा प्रश्न विचारला. रागानंच विचारला. आजारी माणसाशी बोलायची ती पद्धत नव्हती.



'मला वाटलं, तू बोलशील,' त्या म्हणाल्या. 'टेम्पो सुरू होईस्तोवर वाटत व्हतं. मी तुझीच वाट बघत बसले. समोर ती बाई बसलीय, हे माझ्या ध्यानातच राह्यलं नाय.'

'मग नंतर?'

'नंतर तुझ्यावर सोडलं म्हनून माझी मी समजूत घातली. मला बी जायला जमलं नाय.' त्यांनी भाचीला खूण केली. भाचीनं कपाटातून जुनी डायरी आणली. त्यातलं एक पान मॅडमनी मला फाडून घ्यायला लावलं. केसपेपरवरचा गावाकडचा पत्ता त्यांच्या सुवाच्य अक्षरात उतरवलेला होता. तालुका भोकरदन. 'तू जा,' त्या म्हणाल्या. 'ती हाय अजून. मी चवकशी केलीय.'

त्या महिनाभरात गेल्या.

ती बाई आता पन्नाशीला आली असेल. सासू असेल किंवा गेली असेल, पण तिनं एकदा म्हटलेलं कुठं जातं? घरात काही वाईट झालं की ती अजूनही स्वतःशी म्हणत असेल, परत सांगायला काय झालं होतं मला. गाव इथून दोन तासांवर आहे. सकाळी आठची बस थेट जाते, माझ्या सुटीच्या दिवशीही असते. मी अजून गेलेले नाही.